चांदणी दाबून बोललेलं

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. रिकाम्या बाटल्या, जुन्या पावत्या, जोडीतला एकच उरलेला मोजा, सगळं मी बाहेर काढते. नवरा म्हणतो, मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो तर ही मलाही भंगारात देईल. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईनं असं असू नये, हे मला कळतं. तिथं मी साधी चिठ्ठी फेकत नाही. बहुतेक त्याचंच उट्टं घरी काढते.

त्यामुळे वर्षातले माझे लाडके दिवस म्हणजे नवरात्राच्या आधीचे. आमच्याकडं त्याला दसरा काढणं म्हणतात. घट बसायच्या आत घरातली एकूण एक वस्तू बाहेर निघते. गोधड्या, चादरी, पडदे, माळ्यावरची पितळी भांडी, डबे, डब्यांची झाकणं. लातूरला एरवी पाणी जपून वापरायची सवय, पण दसरा काढताना सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. गेल्या वेळी रविवारी दुपारपर्यंत गच्ची गोधड्यांनी भरली होती, सोड्यानं माझ्या बोटांची सालं निघाली होती आणि तरी माझं समाधान झालं नव्हतं. धुवायचं काही उरलं नाही म्हणून मी लॅपटॉप पुसायला घेतला. कळांच्या फटींतला कचरा जुन्या टूथब्रशनं काढला. सासूबाई जाता जाता म्हणाल्या, आता त्याच्या आतलाही दसरा काढ, म्हणजे सुटलीस.

त्या चेष्टेनं म्हणाल्या होत्या. मी मनावर घेतलं.

नको ते फोटो काढले, डाउनलोड झालेल्या फायली काढल्या आणि शेवटी ब्राउझरमधली बुकमार्कची यादी उघडली. माझी स्वतःची साठवलेली पानं साठ-सत्तर असतील. त्यांच्याखाली एक भलताच ढीग होता, शेकडो पानांचा. हवामान, सोयाबीनचे भाव, हळदीचे भाव, कुठल्या कुठल्या बातम्या. नावं तर त्याहून विचित्र. एकाचं नाव ‘हाव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, एकाचं ‘न्हाई’, एकाचं नुसतंच ‘बघू’. ही माझ्या वडिलांची, बापूंची करामत, हे मी लगेच ओळखलं. चार वर्षांपूर्वी मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना माहेरी, हदगावला, बापूंना दिला होता. पासवर्ड त्यांच्या लक्षात राहणार नाही म्हणून खातं माझंच राहू दिलं. त्यांनी तिकडं साठवलेलं माझ्या इकडं येत राहिलं असणार. काहीतरी चुकीचं दाबत असतील, असं म्हणून मी माझ्या पानांसकट सगळी यादी निवडली आणि पुसून टाकली. परत आणायचं का, असं विचारणारी एक पट्टी खाली थोडा वेळ दिसली आणि गेली. मी चहा ठेवला. इतकं हलकं वाटलं की दोन कप प्याले.

तिकडचं इकडं येतं तर इकडचं तिकडंही जात असेल, एवढं साधं गणित मला सुचलं नाही. लातूरचं घर झाडताना मी हदगावचंही झाडून टाकलं होतं.

मंगळवारी सकाळी सातला बापूंचा फोन आला. बापू आपणहून फोन करत नाहीत. मी पोळी तव्यावर टाकली होती, ती तशीच राहिली.

त्यांनी आधी पावसाचं विचारलं, मग जावयाचं विचारलं, मग म्हणाले, “ते मशीन मी पिशवीत बांधून माळ्यावर टाकलंय. आलीस की घेऊन जा.”

का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, “तुझ्या मायनं सगळं पुसलं. आता काय ठिवायचं त्याला.”

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माय आणि बापूंचा तेव्हा सहा वर्षांपासून अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. हदगावचं घर नव्यानं बांधलं तेव्हा मायला स्वयंपाकघरात रस्त्याकडं उघडणारी खिडकी हवी होती. भाकरी करता करता येणारंजाणारं दिसलं पाहिजे, एवढीच तिची हौस. कुणीतरी बापूंना सांगितलं की त्या दिशेला खिडकी चालत नाही. माय माहेरी गेलेली असताना बापूंनी गवंड्याकडून ती बुजवून घेतली. माय परत आली, भिंत बघितली आणि म्हणाली, माझ्या तोंडावर विटा लावल्या. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. आधी ‘सांग तुझ्या बापाला’ आणि ‘विचार तुझ्या मायला’ असं आमच्यामार्फत चालायचं. मग माझं लग्न झालं, भाऊ नोकरीला पुण्याला गेला आणि मधे बोलायला कुणीच उरलं नाही. आता दोघं कसं भागवत असतील, हा प्रश्न मला खूपदा पडायचा. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या सकाळी बापूंनी तुटक तुटक सांगितलं ते असं. ब्राउझरमध्ये पान उघडलं की वर कोपऱ्यात चांदणी असते. ती दाबली की पान साठतं आणि त्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं. बापू हवामानाची पानं साठवायचे. एकदा त्यांनी एका पानाला नाव दिलं, ‘गिरणी बंद हाय, दळण उद्या’. ते त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली आणखी एक चांदणी होती. ‘पीठ हाय दोन दिवसाचं.’ माय सातवी शिकलेली. बापू शेतावर गेले की ती लॅपटॉपवर कीर्तनं ऐकायची, हे त्यांना माहीत होतं. चांदणी दाबायला ती कधी शिकली, हे माहीत नव्हतं.

चार वर्षं त्यांचा संसार असा चालला. एका पानावर एकच चांदणी बसते, म्हणून दर बोलण्याला नवं पान लागायचं. समोर जे येईल ते घ्यायचे. दळण, गॅस, भाच्याचं लग्न, बापूंचं बीपी, सगळं हळदीच्या भावावर आणि क्रिकेटच्या बातम्यांवर लिहिलेलं होतं. आणि मी ते कचरा म्हणून फेकलं होतं.

“चार दिवस सोयाबीन काढायला शेतात व्हतो, रातीला नुसतं झोपायला घरी,” बापू म्हणाले. “काल मशीन उघडलं तर कोरं. मी काय केलं ते तरी सांगायचं व्हतं तिनं.”

‘बापू, ते मी पुसलं,’ एवढं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं. परवा घट बसायचे होते, घरात सासूबाई उभ्या होत्या, पोळी जळत होती, अशी चार कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एकच, मला लाज वाटली. लगेच मायला फोन लावला. ती म्हणाली, बरं हाय, काई न्हाई. तिचा आवाज थकलेला वाटला. आणखी विचारलं तर म्हणाली, भाजी करपून राहिली, ठिवते.

मग माझी जी घालमेल सुरू झाली ती सांगता येत नाही. डबा भरला, पुन्हा उघडला, भाजी घातलीच नव्हती. आणि आंघोळ करताना एकदम आठवलं, मुरुडचं मशीन.

मी लातूरजवळच्या मुरुडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि तिथल्या संगणकावरही माझंच खातं उघडं असतं. शनिवारी पाचला मी तो बंद केला होता. रविवारी मी पुसापुशी केली. सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. म्हणजे त्या मशीनला अजून काहीच कळलं नव्हतं. त्याच्या पोटात शनिवारची यादी जशीच्या तशी असणार. पण नेट चालू असताना कुणी ब्राउझर उघडला की संपलं. आमचे शिपाईमामा साडेनऊला कुलूप काढतात, सगळी मशीनं चालू करतात आणि माझ्या मशीनवर पंचांग बघतात. रोज. पितृपक्ष संपत आलेला, म्हणजे त्या दिवशी तर नक्कीच बघणार.

मामांना अकरा फोन केले. त्यांचा मोबाइल गाडीच्या डिकीत असतो. नेहमीची माझी बस नऊची, ती साडेनऊला पोचत नाही. मी ओले केस तसेच बांधून आठच्या गाडीला पळाले. ती गाडी त्या दिवशी दर दहा मिनिटांनी थांबत होती. कुणाची पोती चढत होती, कुणाची उतरत होती. माझ्या शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, घरी कुणी सीरियस हाय का. मी हो म्हणाले. तिनं मला पाणी दिलं.

मुरुडला उतरून ग्रंथालयाच्या पायऱ्या चढले तेव्हा पंखे फिरत होते. मामा माझ्या खुर्चीवर चष्मा पुसत बसले होते. मशीन चालू होतं, ब्राउझर अजून उघडला नव्हता. मी तडक टेबलाखाली वाकले आणि नेटची निळी वायर उपटली. मामा उठून उभे राहिले. मॅडम, शॉक बसला का, म्हणाले.

ब्राउझर उघडला. यादी होती. वरपासून खालपर्यंत, एकही न गळता.

आधी जपायचं, मग वाचायचं, एवढी अक्कल मला त्या वेळी होती. बुकमार्कच्या पानावर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, त्यात एक्सपोर्ट असतं. ते दाबलं की सगळी यादी एका छोट्याशा फाईलमध्ये येते. ती पेनड्राइव्हवर घेतली, उघडून खात्री केली, दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घेतली. चार वर्षांत एकदा जरी हे केलं असतं तर. कामाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

मग वाचलं. दुसऱ्याचं बोलणं वाचू नये, पण मी वाचलं.

माझी पानं सोडून चारशे अकरा चांदण्या होत्या. ‘भाजीत मीठ न्हवतं.’ ‘मीठ संपलं व्हतं. सांगितलं व्हतं.’ ‘पोरीचा फोन आलता, बरी हाय.’ ‘तुमचा काळा शर्ट फाटला, दुसरा घ्या.’ ‘हाव.’ अडीच वर्षांपूर्वीची एक बापूंची होती. ‘गवंडी बोलवू का खिडकीसाठी.’ तिच्याखाली मायची, ‘आता काय उपेग.’ ती वाचून मला बापूंचाही राग आला आणि मायचाही. दोन अक्षरं पुढं सरकायला काय झालं होतं त्यांना. आणि शेवटची चांदणी शुक्रवारची, मायची. खाली पान हळदीच्या भावाचं.

‘उजव्या बाजूला छातीत गाठ लागती. डाक्टरीनबाई म्हणल्या नांदेडला दाखवा. येता का माझ्यासंगं.’

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात.

बापू शुक्रवारी शेतात होते. त्यांनी ही बघितलीच नव्हती. बघायच्या आत मी पुसली होती. आणि माय शुक्रवारपासून उत्तराची वाट बघत होती.

तिथूनच फाईल परत भरली असती तर हदगावला सगळं आपोआप पोचलं असतं. पण ते मशीन पिशवीत, पिशवी माळ्यावर. फोन करून बापूंना सांगता आलं असतं, पण सहा वर्षांत मायनं पहिल्यांदा त्यांच्याकडं काही मागितलं होतं, ते माझ्या तोंडून कसं सांगायचं. मामांना म्हटलं, आज रजा. निळी वायर दिवसभर लावू नका म्हणून दोनदा बजावलं.

मुरुडहून लातूर, लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव. सगळा दिवस मी गाड्या बदलत होते. पेनड्राइव्ह आधी पर्समध्ये ठेवला, मग रुमालात बांधला, मग ब्लाउजमध्ये. दुसरा डब्याच्या पिशवीत. वाटेत रस्त्याकडेला सोयाबीनचे ढीग, मळणी यंत्रांचा धुरळा, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब. गुपचूप फाईल भरायची, बापूंना म्हणायचं, काहीतरी बिघाड होता, दुरुस्त झाला. कुणाला काही कळणार नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला. नांदेडपर्यंत हे पक्कं ठरलं होतं. नांदेडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना ते डळमळलं. हदगाव जवळ आलं तेव्हा माझं मलाच कळेना मी काय करणार आहे.

पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बापू ओट्यावर बाजेवर बसले होते, माय आत भाकरी करत होती. त्या स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. मला बघून दोघं घाबरले. मी चपला न काढताच स्टूल घेतलं, माळ्यावरून पिशवी काढली, मशीन चालू केलं, मोबाइलवरून नेट जोडलं आणि फाईल भरली. यादी सरसर खाली उतरली. आता म्हणायचं होतं, बिघाड होता.

“बापू, ते मायनं पुसलं न्हवतं,” मी म्हणाले. “मी पुसलं. लातूरला बसून. मला कचरा वाटला.”

आतली भाकरीची थापथाप थांबली. माय दारात आली, हाताला पीठ.

“तुला तिकडं दिसतं व्हय सगळं?” तिनं पहिलं हे विचारलं.

मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. मग भिंतीकडं बघत, कुणाला उद्देशून ते न कळेल असं, ती म्हणाली, “मी गाठीचं लिव्हलं अन् दोन दिसांत सगळंच पुसलेलं. मला वाटलं, हेच उत्तर.”

“कसली गाठ?” बापू म्हणाले.

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शेवटची चांदणी दाखवली. बापू बोट ठेवून वाचतात. बोट शेवटपर्यंत गेलं, परत पहिल्या शब्दावर आलं, पुन्हा शेवटपर्यंत गेलं. मला वाटलं ते उठतील, काही बोलतील. त्यांनी काय केलं, एक नवं पान उघडलं, चांदणी दाबली, नावाच्या चौकटीतलं पुसलं आणि एका बोटानं लिहायला लागले. माय चार हातांवर उभी होती. मला इतका संताप आला की लॅपटॉप हिसकावून घ्यावा.

“ते ऱ्हाऊ द्या,” माय म्हणाली. “तोंडानं म्हणा.”

बापूंनी ती अर्धी चांदणी काढून टाकली. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. सहा वर्षांत सवय मोडली होती.

“सकाळच्या गाडीनं जाऊ,” ते म्हणाले.

माय आत गेली. तव्यावरची भाकरी जळाली होती, ती तिनं काढून ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. मी रडत होते आणि कुणापासून लपवत नव्हते.

नांदेडच्या दवाखान्यात मीही बरोबर गेले. तपासणी, मग पुन्हा तपासणी, मग आठ दिवस वाट बघणं. ते आठ दिवस मी लातूरला कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. घट बसले, माझं लक्ष फोनकडं. त्या दिवसांतलं एवढंच आठवतं की दवाखान्याच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसले होते आणि बापूंनी विचारलं, पाणी पेतीस का. माय म्हणाली, पेते. गाठ साधी निघाली. काढून टाकली, जखम भरली. खिडकी अजून बंदच आहे.

मला मात्र त्या दसऱ्यापासून चैन नाही. दर रविवारी मी फाईल काढते. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच मेल करून. आणि प्रत्येक वेळी चांदण्या मोजते. पहिल्या रविवारी चारशे अकरा, दुसऱ्याही रविवारी चारशे अकरा. आकडा वाढला नाही म्हणजे ते तोंडानं बोलताहेत, असा माझा हिशेब. एकदा फोनवर मी हे मायला बोलून गेले. ती हसली नाही, चिडलीही नाही. इतकंच म्हणाली, तुला कामं न्हाईत व्हय गं.

या रविवारी मोजल्या तर चारशे बारा.

कशावरून बिनसलं असेल, काय झालं असेल, पुन्हा सहा वर्षं का, हे सगळं यादीच्या तळाशी जाईपर्यंत मनात येऊन गेलं. मायची होती. हवामानाच्या पानावर.

‘पोरी मोजू नको. आम्ही बोलतो.’

मी ती दोनदा वाचली आणि आधी फाईल काढली. मग मायला फोन लावला. तो बापूंनी उचलला आणि मागून ती त्यांना सांगत होती, पोरीचाच असंल, आज रविवार हाय.